विजेची मोटार व पेट्रोलची मोटार : बाळगण्याच्या खर्चाचा हिशेब

बेल्ह्याच्या बैलबाजारांत उभा राहिलेला जाणता शेतकरी बैलाची किंमत विचारण्यापूर्वीं त्याचे दांत पाहतो, खूर पाहतो, चाल पाहतो, आणि मनांतल्या मनांत वर्षभराच्या वैरणीचा आंकडा मांडतो. किंमत एकदांच द्यावयाची असते, वैरण मात्र रोज घालावी लागते, हें त्यास कोणी शिकवावें लागत नाहीं. परंतु तोच शेतकरी मोटार घेण्यास शहरांतील दुकानांत गेला म्हणजे ही शहाणीव दाराबाहेर ठेवून आंत जातो, आणि विक्रेत्यानें सांगितलेला मासिक हप्ता एवढीच एक संख्या घेऊन परत येतो. मोटारहि बैलाप्रमाणेंच पोसावी लागते, आणि ती उभी राहिली तरी खाते. म्हणून विजेची मोटार घ्यावी कीं पेट्रोलची, या प्रश्नाचें उत्तर दुकानांतील किंमतपत्रकांत नसून शेतकऱ्याच्या स्वतःच्या वहींत आहे, हें दाखविण्याचा या लेखाचा हेतु आहे.

आपल्या भागांतील स्थिति

एके काळीं मोटार ही श्रीमंतांची चैन समजली जात असे. जुन्नर व आंबेगांव तालुक्यांत आज तसें राहिलें नाहीं. माणिकडोह, येडगांव, वडज, पिंपळगांव जोगे व डिंभें येथील धरणांच्या पाण्यानें ऊस, द्राक्षें, टोमॅटो व कांदा यांचें बागायत वाढलें आहे. सातगांव पठाराचा बटाटा मंचरास येतो, टोमॅटो नारायणगांवास जातो. रोपें व औषधें आणणें, आजाऱ्यास दवाखान्यांत नेणें, मुलांस शाळेंत पोंचविणें, कचेरीच्या कामास घोडेगांवास किंवा जुन्नरास जाणें, आणि मधून मधून पुणें गांठणें, इतक्या कामांस मोटार लागते. बिबट्याच्या वावरामुळें रात्रीं वस्तीवर दुचाकीनें परतण्यापेक्षां बंद गाडी बरी, असेंहि पुष्कळांस वाटूं लागलें आहे.

विजेची मोटारहि आतां दूरची वस्तु नाहीं. आपल्या शेजारच्या शिरूर तालुक्यांतील रांजणगांव येथें व खेड तालुक्यांतील चाकण येथें अशा मोटारी तयार होतात. एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजीं पुणें-अहमदनगर मार्गावर धांवली, आणि बरोबर ७४ वर्षांनीं, १ जून २०२२ रोजीं, त्याच मार्गावर महामंडळाची ‘शिवाई’ ही विजेची गाडी सुरू झाली. तेव्हां ही गाडी चालते किंवा नाहीं हा प्रश्न मिटला आहे. ती कोणास परवडते, एवढाच प्रश्न उरला आहे.

ही स्पर्धा जुनीच आहे

विजेची व पेट्रोलची मोटार यांची झुंज कांहीं आजची नव्हे. सन १९०० च्या सुमारास अमेरिकेंत वाफेच्या, विजेच्या व पेट्रोलच्या अशा तिन्ही प्रकारच्या मोटारी रस्त्यावर होत्या. पेट्रोलचें यंत्र सुरू करण्यास हातानें दांडा फिरवावा लागे, आणि तो उलटला तर मनगट मोडे. म्हणून शहरांतील लोक विजेची मोटार पसंत करीत. पुढें १९०८ मध्यें फोर्डची स्वस्त मोटार निघाली, १९१२ मध्यें कॅडिलॅक मोटारीस केटरिंग यांनीं शोधलेला स्वयंचलित स्टार्टर बसला, आणि पेट्रोल स्वस्त मिळूं लागलें. शहराबाहेर वीज नव्हती. पेट्रोलचा डबा मात्र कोठेंहि नेतां येई. विजेची मोटार मागें पडली ती या कारणांनीं. १९९१ मध्यें लिथियमच्या बॅटऱ्या बाजारांत आल्या, त्यानंतर तिला पुन्हां जीव आला. आपल्या देशांत बंगळूर येथील ‘रेवा’ ही लहान मोटार २००१ मध्यें निघाली.

या इतिहासांतून घेण्यासारखा धडा एकच. त्या काळीं निकाल लागला तो यंत्राच्या गुणावगुणांपेक्षां, शक्ति कोठें मिळते व काय भावानें मिळते, यावर. आजहि निकाल त्यावरच लागणार आहे.

खर्चांत फरक कां पडतो

पेट्रोल जळून जी उष्णता होते तिचा सुमारें पाऊण हिस्सा नळींतून व रेडिएटरमधून वाऱ्यावर जातो. चाकास पोंचतो तो पाव हिस्सा, फार तर त्याहून थोडा अधिक. विजेच्या मोटारींत बॅटरींतील शक्तीचा पांच हिश्श्यांपैकीं चार हिस्से तरी चाकास मिळतो. शिवाय घाट उतरतांना किंवा वेग आंवरतांना तिची मोटर उलट जनित्राचें काम करून कांहीं वीज बॅटरींत परत भरते. माळशेज उतरणाऱ्यास हें डोळ्यांदेखत कळतें. तिला इंजिनांतील तेल, त्याची गाळणी, प्लग, क्लच व धुराडें यांपैकीं कांहींच नाहीं. म्हणून तिची रोजची वैरण थोडी व दुरुस्ती कमी.

याउलट तिची बॅटरी फार महाग असते, आणि तीमुळेंच मोटारीची मूळ किंमत चढते. सरकारनें हा चढ कमी करण्याचा यत्न केला आहे. विजेच्या मोटारीवर वस्तु व सेवा कर ५ टक्के आहे. पेट्रोलच्या लहान मोटारीवर तो पूर्वीं २८ टक्के व वर अधिभार असा होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्क्यांवर आला, त्यामुळें दोहोंमधील अंतर पुन्हां थोडें वाढलें. महाराष्ट्रांत दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल मोटारीस ११ टक्के वाहनकर भरावा लागतो, आणि विजेच्या मोटारीस २०२१ च्या व त्यानंतरच्या २०२५ च्या धोरणानें सवलती दिल्या आहेत. सवलती बदलतात, म्हणून खरेदीच्या दिवशीं काय लागू आहे हें परिवहन कचेरींत स्वतः विचारून घ्यावें.

आठ वर्षांचा हिशेब

आतां प्रत्यक्ष आंकडे मांडूं. खालील रकमा कोणा एका कंपनीच्या मोटारीच्या नव्हेत. हिशेबाची रीत समजावी म्हणून त्या धरल्या आहेत. वाचकांनीं आपले आंकडे घालून हाच हिशेब पुन्हां करावा. दोन्ही मोटारी सारख्या आकाराच्या व आठ वर्षें बाळगावयाच्या असें समजूं. पेट्रोलची मोटार रस्त्यावर येईपर्यंत १० लाखांस व विजेची साडेतेरा लाखांस पडते. आठ वर्षांनीं पहिलीचे ३ लाख येतात, दुसरीचे अडीच लाख. जादा लागणारे साडेतीन लाख पांच वर्षांच्या मुदतीनें व दरसाल ९ टक्क्यांनीं कर्जाऊ घेतले, तर त्यांवर सुमारें ८६,००० रुपये व्याज जातें. विमा पेट्रोलच्या मोटारीस वर्षाला सरासरी २०,००० व विजेच्या मोटारीस २५,००० धरला आहे. येथें एक खुलासा करणें जरूर आहे. तिऱ्हाइताच्या नुकसानीच्या सक्तीच्या विम्यांत विजेच्या वाहनास १५ टक्के सूट आहे. १ जून २०२२ पासूनच्या दरांत १,००० ते १,५०० घनसेंटिमीटर इंजिनाच्या मोटारीस ३,४१६ रुपये, तर ३० ते ६५ किलोवॅटच्या विजेच्या मोटारीस २,९०४ रुपये हप्ता ठरला. परंतु स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा तिच्या किंमतीवर ठरतो, आणि तेथें ही सूट गिळली जाते.

मोटार चालो वा उभी राहो, होणारा खर्च (आठ वर्षें, रुपये) :

घसारा : पेट्रोल ७,००,०००, वीज ११,००,०००
जादा रकमेचें व्याज : पेट्रोल नाहीं, वीज ८६,०००
विमा : पेट्रोल १,६०,०००, वीज २,००,०००
घरची तारजोडणी व अर्थिंग : पेट्रोल नाहीं, वीज १४,०००
एकूण : पेट्रोल ८,६०,०००, वीज १४,००,०००

म्हणजे विजेची मोटार दारांत उभी करतांच आठ वर्षांत ५ लाख ४० हजार, अथवा दरवर्षीं ६७,५०० रुपये, जादा खर्चाचें ओझें अंगावर येतें. हें ओझें फेडावयाचें तें चालू खर्चांतील बचतींतून.

चालू खर्च असा धरूं. पेट्रोल लिटरला १०५ रुपये व एका लिटरांत १५ किलोमीटर, म्हणजे किलोमीटरला ७ रुपये. देखभालीचे ८० पैसे मिळवून ७ रुपये ८० पैसे. विजेची मोटार भिंतींतील एका युनिटावर, भरतांना होणारी गळती जमेस धरून, ६ किलोमीटर जाते. घरचें युनिट सर्व आकारांसह १२ रुपयांस पडलें तर किलोमीटरला २ रुपये; देखभालीचे ४० पैसे मिळवून २ रुपये ४० पैसे. दर किलोमीटरला बचत ५ रुपये ४० पैसे.

आतां ६७,५०० रुपयांस ५ रुपये ४० पैशांनीं भागावें. उत्तर १२,५०० येतें. वर्षाला साडेबारा हजार किलोमीटर, म्हणजे दिवसाला सुमारें ३४ किलोमीटर, ही या हिशेबांतील शीव होय. जो याहून अधिक चालवील त्यास विजेची मोटार स्वस्त. जो कमी चालवील त्यास पेट्रोलची.

दोन शेतकरी

ही शीव नीट उमगावी म्हणून दोन शेतकरी कल्पूं. पहिला जुन्नर तालुक्यांतील एका वाडीवर राहतो. गांवांतल्या गांवांत व बाजारास मिळून त्याची मोटार दिवसाला दहा किलोमीटर चालते, महिन्यांतून एकदां तो पुण्यास जाऊन येतो, आणि सालांत एखादी देवदर्शनाची फेरी करतो. वर्षाचे सहा हजार किलोमीटर होतात. पेट्रोलची मोटार घेतल्यास त्यास आठ वर्षांत १२,३४,४०० रुपये खर्च येईल, विजेची घेतल्यास १५,१५,२००. विजेच्या मोटारीनें त्याचें २,८०,८०० रुपयांचें नुकसान होतें.

दुसरा नारायणगांवजवळ राहतो. त्याची मुलें पुण्यांत शिकतात व मालाचा व्यवहारहि तेथें आहे. आठवड्यांतून दोन वेळां दीडशें किलोमीटरांची जा-ये आणि रोजचे बारा किलोमीटर मिळून त्याचे वर्षाला वीस हजार होतात. पेट्रोलच्या मोटारीचा त्याचा आठ वर्षांचा खर्च २१,०८,००० आणि विजेच्या मोटारीचा १७,८४,००० येतो. यास विजेच्या मोटारीनें ३,२४,००० रुपये वांचतात.

मोटारी त्याच, भाव तेच, रस्ताहि तोच. तरी एकास नफा व दुसऱ्यास तोटा. म्हणून शेजाऱ्यानें घेतली म्हणून आपण घ्यावी, किंवा शेजाऱ्यानें घेतली नाहीं म्हणून आपण टाळावी, या दोन्ही रीति चुकीच्या. पहिल्या शेतकऱ्यानें आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. पेट्रोलची मोटारहि त्यास किलोमीटरला पावणेसव्वीस रुपयांच्या आसपास पडते. घरीं जुनी मोटार नीट चालत असेल, तर तिचा घसारा पूर्वींच झालेला आहे. ती आणखी कांहीं वर्षें चालविणें हेंच त्याच्या दृष्टीनें सर्वांत स्वस्त.

युनिट कोठून आणावयाचें

वरील सर्व हिशेब १२ रुपयांच्या युनिटावर उभा आहे, आणि येथेंच पुष्कळांची फसगत होते. घरगुती विजेचा दर चढत्या पायऱ्यांचा आहे. पहिल्या १०० युनिटांस एक, त्यापुढें ३०० पर्यंत दुसरा, ५०० पर्यंत तिसरा, आणि प्रत्येक पायरी आधीच्याहून महाग. दुसऱ्या शेतकऱ्याची मोटार महिन्याला सुमारें २८० युनिटें खाईल. तीं युनिटें घरच्या वापराच्या डोक्यावर चढतात, म्हणून त्यांस वरच्या पायऱ्यांचा दर लागतो. बिलावरील सरासरी दर पाहून उपयोग नाहीं. शेवटचें युनिट काय भावानें पडलें तें पाहावें. तें १५ रुपयांस पडलें तर शीव साडेबारा हजारांवरून सुमारें १३,८०० किलोमीटरांवर जाते. वाहनें भरण्यासाठीं वीज नियामक आयोगाच्या दरपत्रकांत स्वतंत्र वर्गवारी आहे. आपणांस वेगळी जोडणी घेणें सोयीचें पडेल काय, याची चौकशी महावितरणच्या उपविभागीय कचेरींत करावी.

रस्त्यावरील सार्वजनिक केंद्रांत मोटार भरून चालविण्याचा विचार असेल, तर युनिट २४ रुपये धरून किलोमीटरला ४ रुपये पडतात, बचत ३ रुपये ४० पैशांवर येते, आणि शीव वर्षाला वीस हजार किलोमीटरांजवळ जाते. आपला दुसरा शेतकरीदेखील तेथें जेमतेम बरोबरींत राहील. केवळ बाहेरच्या विजेच्या भरंवशावर ही मोटार घेऊं नये.

छपरावर सौर पट्ट्या असतील तर चित्र पालटतें. फेब्रुवारी २०२४ मध्यें सुरू झालेल्या ‘पीएम सूर्य घर’ योजनेंत तीन किलोवॅटच्या घरगुती संचास ७८,००० रुपयांचें अनुदान आहे. असा संच दिवसाला सरासरी १२ युनिटें, वर्षाला सुमारें ४,००० युनिटें देतो. अनुदान वजा जातां पदरचे एक लाख रुपये लागले असें धरलें, तर दहा वर्षांच्या उत्पन्नावर युनिट अडीच रुपयांस पडतें. या भावानें बचत किलोमीटरला सुमारें ७ रुपये होते व शीव ९,६०० किलोमीटरांवर उतरते. मोटार दिवसां बाहेर असते व रात्रीं भरावी लागते, तरी हरकत नाहीं. दिवसां जाळ्यांत दिलेलीं युनिटें नेट मीटरनें रात्रींच्या वापरांतून वजा होतात.

आणि एक सावधगिरीची सूचना. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांस महाराष्ट्र सरकारनें एप्रिल २०२४ पासून पांच वर्षांसाठीं वीज मोफत केली आहे. विहिरीवरील पेटींतून तार ओढून मोटार फुकट भरावी, असा मोह होणें शक्य आहे. तो कटाक्षानें आंवरावा. ज्या कामासाठीं वीज मंजूर झाली त्याहून निराळ्या कामास ती वापरणें हा २००३ च्या वीज कायद्याच्या १२६ व्या कलमान्वयें अनधिकृत वापर ठरतो, आणि त्याची आकारणी दुप्पट दरानें होते. शिवाय ही सवलत सर्व शेतकऱ्यांची आहे. तिच्यावर मोटारी चालूं लागल्या तर ती टिकणार नाहीं. सौर कृषिपंपाच्या पट्ट्यांवरहि मोटार जोडूं नये. त्या संचाचें नियंत्रक यंत्र पंपासाठींच बनविलेलें असतें.

बॅटरीचा धोका

पेट्रोलच्या मोटारींत बिघाड झाला तर तो हजारांत निस्तरतो; विजेच्या मोटारीची बॅटरी निकामी झाली तर प्रश्न लाखांचा होतो. म्हणून बॅटरीची हमी हा या मोटारीचा सात-बारा समजावा आणि तो वाचल्याविना सही करूं नये. पुष्कळ कंपन्या ८ वर्षें अथवा १,६०,००० किलोमीटर, यांपैकीं जें आधीं होईल तोंवर, हमी देतात. हमींत बॅटरीची साठवण किती टक्क्यांच्या खालीं गेली म्हणजे ती बदलून मिळेल, पुढच्या मालकास हमी चालते काय, आणि पाण्यानें किंवा खालून दगड लागून झालेलें नुकसान तींत येतें काय, हे तीन प्रश्न लेखी विचारावे. आपल्या वाडीवस्तीच्या रस्त्यांवर हा शेवटचा प्रश्न पोकळ नाहीं, कारण बॅटरी गाडीच्या पोटाखालीं बसविलेली असते.

हिशेबाची कसोटीहि पाहूं. आठ वर्षांनीं विजेच्या मोटारीस कोणी एक रुपयाहि देत नाहीं, इतकें वाईट गृहीत धरलें, तर वर्षाचें ओझें ९८,७५० रुपये होतें आणि शीव सुमारें १८,३०० किलोमीटरांवर जाते. वीस हजार चालविणारा शेतकरी तरीहि तोट्यांत येत नाहीं. पंधरा हजार चालविणाऱ्यानें मात्र हा धोका समजून उमजून घ्यावा.

बॅटरी सांभाळण्याचे नियम थोडे आहेत. मोटार सावलींत ठेवावी. उन्हाळ्यांत पत्र्याखालीं तापूं देऊं नये. शीघ्र भरण्याची केंद्रें प्रवासांतच वापरावीं. रोजचें भरणें घरीं सावकाश करावें. बॅटरी अगदीं रिकामी होईतों चालवूं नये.

वस्तीवरील अडचणी

गांवठाणांतील घर व शेतांतील वस्ती यांच्या विजेंत फरक आहे, तो विसरूं नये. पुष्कळ वस्त्या शेतीच्या वाहिनीवर असतात. तेथें दाब कमी पडतो व वेळापत्रक पाळीचें असतें. साध्या पंधरा अँपिअरच्या जोडणीवर ४० युनिटांची बॅटरी रिकामी असतां भरण्यास तेरा-चौदा तास लागतात. सात किलोवॅटच्या भिंतीवरील यंत्रावर सुमारें सहा तास. दाब कमी असेल तर दोन्ही काळ लांबतात. म्हणून घेण्यापूर्वीं आठवडाभर रात्रीं वीज किती तास व किती दाबानें राहते, याची नोंद ठेवावी. मंजूर भार वाढवून घ्यावा. अर्थिंग परवानाधारक तारतंत्र्याकडून करून घ्यावें. गोठ्याच्या ओल्या भिंतींतील जुन्या तारेवर हें यंत्र कधींहि लावूं नये.

दुसरी अडचण कारागिराची. पेट्रोलची मोटार बंद पडली तर फाट्यावरचा मिस्त्री ती चालती करून देतो. विजेच्या मोटारीच्या मुख्य भागास हात लावणारा माणूस अजून बहुधा शहरांतच भेटतो, आणि गाडी ओढून न नेतां उचलून न्यावी लागते. ऐन हंगामांत गाडी दोन दिवस दूर राहिली, तर त्याचा खर्च कोणत्याहि तक्त्यांत दिसत नाहीं, पण तो असतो.

ऊसवाल्यांचा आक्षेप

कांहीं ऊस-बागाईतदार म्हणतील कीं, पेट्रोलमध्यें आतां वीस टक्के इथेनॉल मिसळलें जातें व तें उसापासून होतें. तेव्हां विजेची मोटार घेणें म्हणजे आपल्याच उसाशीं वैर करणें नव्हे काय? हा आक्षेप मोजून पाहण्यासारखा आहे. एक टन उसाच्या रसापासून सुमारें ७० लिटर इथेनॉल निघतें. वर्षाला वीस हजार किलोमीटर चालणारी मोटार १,३३३ लिटर इंधन जाळील. त्यांत इथेनॉल २६७ लिटर, म्हणजे चार टनांहून कमी ऊस. १०.२५ टक्के उताऱ्यास २०२५-२६ सालीं ठरलेल्या टनास ३,५५० रुपये या भावानें त्याची किंमत १४,००० रुपयांच्या आंत आहे. आणि ती एका शेतकऱ्याची नव्हे, सर्व ऊसकऱ्यांत वांटली जाणारी. तिच्यासाठीं स्वतःचे वर्षाला ४०,५०० रुपये सोडणें हा व्यवहार नव्हे. उलट इथेनॉलमध्यें पेट्रोलच्या मानानें शक्ति सुमारें एक तृतीयांश कमी असते, म्हणून लिटरामागें अंतर थोडें घटतें, हेंहि पेट्रोलवाल्यानें आपल्या वहींत लिहावें.

कर्ज काढण्यापूर्वीं

शेवटीं सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. २०२३ च्या उन्हाळ्यांत टोमॅटोचा भाव इतका पडला होता कीं तोडणीची मजुरीहि निघेना. त्याच वर्षीं जुलै महिन्यांत नारायणगांवच्या बाजारांत वीस किलोच्या क्रेटास दोन हजार रुपयांच्या आसपास भाव मिळाला. ज्या पिकाचा भाव एका वर्षांत असा वर-खालीं होतो, त्याच्या एका चांगल्या हंगामाकडे पाहून पांच वर्षांचे हप्ते अंगावर घेणें धोक्याचें आहे. साडेतेरा लाखांची मोटार संपूर्ण कर्जावर घेतली तर वर ठरविलेल्या व्याजानें महिन्याचा हप्ता २८,००० रुपये होतो. तो भाव पडलेल्या महिन्यांतहि चुकत नाहीं. विजेच्या मोटारीची बचत थोडी थोडी करून आठ वर्षांत येते. तिचें कर्ज मात्र पहिल्या महिन्यापासून मागूं लागतें. जो मधेंच मोटार विकेल त्यास बचत मिळणार नाहीं, आणि घसारा तेवढा पदरीं पडेल.

यास्तव वाचकांस आमची सूचना अशी :

१. तीन महिने आपल्या वाहनाचे किलोमीटर रोज लिहावे व त्यांवरून वर्षाचा आंकडा काढावा.
२. वर्षाला दहा हजारांच्या आंत चालणाऱ्यानें विजेच्या मोटारीच्या मागें लागूं नये. जुनी गाडी चालवावी किंवा पेट्रोलची साधी मोटार घ्यावी.
३. दहा ते पंधरा हजारांच्या दरम्यान असणाऱ्यानें छपरावर सौर संच आधीं बसवावा, मोटारीचा विचार मागाहून करावा.
४. त्याहून अधिक चालणाऱ्यानें, घरचा मीटर भरंवशाचा असेल तर, विजेची मोटार घ्यावी व ती आठ वर्षें विकूं नये. अठरा हजारांच्या आंत असणाऱ्यानें पुनर्विक्रीचा धोका स्मरावा.
५. कोणतीहि मोटार घेतांना निम्मी रक्कम तरी हातांत असावी.

तीन महिन्यांची नोंद ठेवण्यास एक वही व एक पेन्सिल पुरते. एवढ्या खर्चांत लाखांची चूक टळत असेल, तर ती वही उद्यांपासूनच गाडींत ठेवावी.